आर्किटेक्चरच्या २८ विद्यार्थ्यांचा फ्लॉरेन्स अभ्यासदौरा: आखणी, व्हिसा, तिकिटं आणि प्रत्यक्ष काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्रातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाचे २८ विद्यार्थी आणि ३ शिक्षक इटलीला न्यायचे आहेत. एजंटने ८ दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान असा कार्यक्रम दिला आहे. तो घ्यावा का? नाहीतर आखणी कशी करावी, व्हिसा कसा काढावा आणि मुलांकडून अभ्यास नेमका काय करून घ्यावा?

तो कार्यक्रम घेऊ नका. चार शहरं म्हणजे तीन वेळा मुक्काम हलवणं. ३१ माणसांचा मुक्काम हलतो तेव्हा खोल्या सोडणं, बॅगा मोजणं, स्टेशन, गाडी, परत बॅगा, नव्या ठिकाणी दुपारी दोन-तीनशिवाय न मिळणाऱ्या खोल्या, यात अख्खा दिवस जातो. आठातले तीन दिवस असे गेले आणि दोन विमानात गेले, की उरलेल्या तीन दिवसांत चार शहरांचे फक्त फोटो होतात. सहा रात्री फ्लॉरेन्समध्येच काढा, त्यातला एक दिवस सिएनाला जाऊन परत या. परतीचं विमान रोमहून असेल तर शेवटची एक रात्र रोमला.

फ्लॉरेन्सच का, तर तिथे पुस्तकातला क्रम पायांनी चालता येतो. १२९६ साली सुरू झालेलं कॅथेड्रल, वास्तुकार ब्रुनेलेस्कीची ओसरी, अल्बेर्तीने सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चला दिलेला संगमरवरी दर्शनी भाग, मायकेलअँजेलोचा जिना, वसारीची उफीत्सी (आज कलासंग्रहालय) आणि १९३०च्या दशकात मिकेलुच्ची व सहकाऱ्यांनी बांधलेलं आधुनिक रेल्वे स्टेशन, हे सगळं एकमेकांपासून फार तर वीस-पंचवीस मिनिटांच्या पायी अंतरावर आहे. बस लागत नाही. म्हणूनच एखादी इमारत सकाळी पाहून संध्याकाळी उलट्या उजेडात पुन्हा पाहता येते, आणि अभ्यासदौऱ्यात खरं शिक्षण त्या दुसऱ्या भेटीत होतं.

आता वेळ. नोव्हेंबरचा पूर्वार्ध किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडा. मे-जूनमध्ये दिवस मोठा असतो, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो, पण गर्दी इतकी की चौकात बसून चित्र काढताना समोर सतत माणसं येतात. जुलै-ऑगस्टच्या उन्हात दगडी गल्ल्या तापतात. नोव्हेंबरात पाऊस असतो, पण पावसात काम करायला शहरात भरपूर आच्छादित जागा आहेत: उफीत्सीच्या दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या, लॉज्जा देइ लान्झी, मेर्कातो नुओव्होची कमानदार ओसरी. एक लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो. म्हणजे नोव्हेंबरात बाहेरचं चित्रकाम सकाळीच उरकायचं. त्या दिवसांत भारत साडेचार तास पुढे असल्याने मुलं पहिले तीन दिवस आपोआप पहाटे चार-पाचला जागी होतात. त्यांना झोपवायचा प्रयत्न करू नका. सातच्या आत कॅथेड्रलच्या चौकात न्या. रिकामा चौक तेव्हाच पाहायला मिळतो.

व्हिसा. शेंगेन (इटली धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) अल्पमुदतीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात गटासाठी तीन-साडेतीन महिने आधीची तारीख धरा, कारण एकाच आठवड्यात ३१ अपॉइंटमेंट मिळणं हेच अवघड काम आहे. जास्त दिवस ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. सगळा मुक्काम इटलीत असल्याने इथे प्रश्न येत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा, पूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा. विम्याची तारीख एक दिवस कमी पडली म्हणून अर्ज अडकतात, कारण रात्री निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी पोचतं हे हिशेबात राहत नाही. पुढे-मागे दोन-दोन दिवस जास्तच घ्या.

इथे एक मुद्दा बहुतेक कॉलेजांच्या लक्षातच येत नाही. प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे, पण अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचे शिक्षक यांना युरोपीय व्हिसा संहितेत शुल्कमाफीची तरतूद आहे. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. ३१ जणांचा हिशेब केला तर २,७९० युरो होतात. पण माफी मागायची तर कागद तसे हवेत. प्रवासाचा हेतू म्हणून अभ्यास लिहिलेला, कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र, त्यात विषयाचं नाव, दौरा अभ्यासक्रमाचा भाग असल्याचा उल्लेख, दिवसवार कामाचा तक्ता, विद्यार्थ्यांची पासपोर्ट क्रमांकांसह यादी आणि सोबतच्या शिक्षकांची नावं. तिथल्या एखाद्या विद्यापीठाचं किंवा संस्थेचं निमंत्रण मिळालं तर पत्राला वजन येतं. याउलट एजंटचा पर्यटनाचा छापील कार्यक्रम जोडला की अर्ज पर्यटनाचा ठरतो आणि माफीचा मुद्दाच संपतो. निर्णय शेवटी वाणिज्य दूतावासाचा, त्यामुळे शुल्काचे पैसे बाजूला काढून ठेवावेतच.

नावांची काळजी आधीपासून घ्या. आपल्याकडच्या पासपोर्टांत काहींच्या पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं नाव असतं, काहींच्या नसतं, आणि एखाद्याचा आडनावाचा रकाना रिकामा असतो. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा अर्ज आणि नावानिशी निघणारी संग्रहालयांची तिकिटं, सगळीकडे पासपोर्टच्या तळाच्या यंत्रवाचनाच्या दोन ओळींत जसं आहे तसंच नाव जायला हवं. एकाच मुलाने सगळ्यांची यादी व्हॉट्सॅपवरून टाइप करून पाठवली की चुका होतात. पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या स्कॅनवरून एका शिक्षकाने टाइप करावं आणि दुसऱ्याने ताडून पाहावं. पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात येण्याआधी काढू नका. अर्जाला आरक्षण पुरतं. दौरा पॅकेज म्हणून विकत घेतलात तर त्यावर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर) घेतला जाईल. तो कोणाच्या पॅनवर जमा होणार हे पालकांना आधी सांगा, म्हणजे त्यांना तो विवरणपत्रात वळता करून घेता येईल.

विमान फ्लॉरेन्सला थेट उतरवायचा मोह टाळा. तिथल्या पेरेतोला विमानतळाची धावपट्टी आखूड आहे. वारा प्रतिकूल झाला की विमानं पिसा किंवा बोलोन्याकडे वळवली जातात, आणि ३१ जणांना रात्री अकराला बोलोन्याहून आणणं कुणालाच परवडत नाही. रोमला उतरून वेगवान गाडीने साधारण दीड तासात फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर या, किंवा बोलोन्याला उतरा. तिथून गाडी चाळीस मिनिटांच्या आत पोचवते. उतरल्यावर गाडी लगेचची घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्या मोठ्या गटाला त्यात वेळ लागतो. विमान उतरल्यापासून किमान साडेतीन तासांनंतरची गाडी धरा. आणखी एक: सीमेवर अधिकारी प्रत्येकाला वेगळं विचारतो. शिक्षक तोवर दुसऱ्या रांगेत असतात. म्हणून परतीचं तिकीट, मुक्कामाचं आरक्षण, विमा आणि कॉलेजचं पत्र असे चार कागद छापून प्रत्येकाच्या हातातल्या बॅगेत हवेत. फोनची बॅटरी याच वेळी संपते.

मुक्काम स्टेशन ते सान्ता क्रोचे या पट्ट्यात किंवा आर्नो नदीच्या पलीकडे सान्तो स्पिरितोच्या आसपास घ्या. शहराबाहेरचं हॉटेल रात्रीमागे थोडं स्वस्त पडतं, पण मुलं दुपारी तासभर खोलीवर येऊन शाई वाळवणं, मोबाइल चार्ज करणं, कपडे बदलणं हे करू शकत नाहीत. धार्मिक संस्था चालवतात त्या निवासात जागा स्वच्छ आणि शांत असते, मात्र दरवाजा रात्री ठरलेल्या वेळी बंद होतो; ती वेळ आधी विचारा. शहराचा मुक्कामकर दर माणशी दर रात्री वेगळा असतो आणि तो बहुधा तिथेच भरावा लागतो, आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो. पोहोचल्यावर सगळ्यांचे पासपोर्ट मागतील. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं तिथे हॉटेलवर बंधनकारक आहे. त्याच संध्याकाळी पासपोर्ट परत मिळाले का, ते मोजून घ्या.

पत्त्याच्या बाबतीत फ्लॉरेन्स नवख्याला हमखास फसवतं. एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन वेगळ्या मालिका आहेत. घरांना काळे किंवा निळे आकडे, दुकानं आणि उपाहारगृहांना लाल. पत्त्यात आकड्यापुढे इटालियन ‘आर’ हे अक्षर असेल तर तो लाल आकडा. ३८ आणि लाल ३८ हे एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. त्यामुळे जमायची जागा आकड्याने सांगू नका, ‘नेपच्यूनच्या कारंज्यापाशी’ अशी सांगा. त्या कारंज्याजवळ पिण्याच्या पाण्याचा फुकट नळही आहे, साधं आणि सोडायुक्त दोन्ही.

दिवसांची मांडणी सुटीच्या वारांवरून करायची. उफीत्सी, अकादेमिया हे कलादालन आणि पित्ती राजवाडा सोमवारी बंद. मेदिची-रिकार्दी राजवाडा बुधवारी बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा पाहणाऱ्यांना आत सोडत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या दिवशी रांग अशी असते की गटाने तिकडे फिरकूच नये. म्हणून रविवारी पोहोचा, सोमवारी रस्त्यावरचं मापकाम, मंगळवारी कॅथेड्रल, बुधवारी सान लोरेन्झो चर्च, गुरुवारी सकाळी मेदिची राजवाडा आणि दुपारी उफीत्सी किंवा अकादेमिया यांपैकी एक, शुक्रवारी सिएना, शनिवारी नदीपलीकडे. उफीत्सी आणि अकादेमिया दोन्ही एका दिवसात घालू नका. आर्किटेक्चरच्या मुलांना एकच निवडायची असेल तर उफीत्सी, कारण ती इमारतच अभ्यासाचा विषय आहे: १५६० पासून वसारीने फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो पहिला याच्यासाठी बांधलेली सरकारी कचेरी, दोन लांब बाहूंमध्ये अरुंद रस्ता आणि टोकाला नदीकडे उघडणारी कमान. मायकेलअँजेलोचा ५.१७ मीटरचा डेव्हिडचा पुतळा अकादेमियात आहे. चौकात उभी आहे ती १९१० साली बसवलेली प्रतिकृती.

सवलतींबद्दल गैरसमज मोठा आहे. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या कुणालाही, कोणत्याही देशाच्या, प्रवेश फुकट असतो. पण १८ ते २५ वयोगटाचं दोन युरोचं तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मिळणारा मोफत प्रवेशही युरोपीय संघातल्या संस्थांपुरता आहे. भारतीय कॉलेजचं ओळखपत्र तिथे चालत नाही. अंदाजपत्रकात पूर्ण दर धरा. गटाचं आरक्षण स्वतंत्र कार्यालयाकडून होतं. त्यांना लिहितानाच कळवा की समजावून सांगणारे गटाचेच शिक्षक आहेत, बाहेरचा मार्गदर्शक नाही. इटलीत परवान्याशिवाय मार्गदर्शन करणं बेकायदा आहे आणि दारावर वाद घालण्यापेक्षा ईमेलचं उत्तर दाखवणं सोपं. आत शिक्षकाचा आवाज चढवून चालत नाही. कानातल्या यंत्रांचा संच भाड्याने घ्या.

आता घुमट. बाकी सगळं वेळापत्रक या एका चढणीभोवती बसवा. सान्ता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभा केला, साधारण ४५ मीटरचा गाळा, जमिनीवरून उभारलेल्या लाकडी सेंटरिंगशिवाय. चढायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मध्ये थांबायला जागा कमी आणि मनात आलं म्हणून मागे वळता येत नाही. चढणीचा समावेश असलेल्या पासला ब्रुनेलेस्की पास म्हणतात, आणि त्यात घुमटाची वेळ ठरलेली असते. वेळ चुकली की तिकीट गेलं. २८ जण एका वेळेला नेऊ नका. १४-१४ च्या दोन तुकड्या करा, मध्ये किमान दीड तासाचं अंतर, प्रत्येकीबरोबर एक शिक्षक. एक तुकडी वर असेल तेव्हा दुसरी कॅथेड्रलच्या संग्रहालयात: तिथे घुमटाची लाकडी प्रतिकृती आहे, गिबेर्तीने बाप्तिस्मागृहासाठी केलेल्या ‘स्वर्गद्वारा’ची मूळ पटलं आहेत आणि कॅथेड्रलचा मध्ययुगीन दर्शनी भाग पूर्ण आकारात पुन्हा उभा केला आहे. हे पाहिल्याशिवाय बाहेर दिसणारा दर्शनी भाग १८८७ साली पुरा झालेला आहे यावर मुलांचा विश्वास बसत नाही. तिसरा शिक्षक खालीच हवा, कारण दम्याचा त्रास असलेला किंवा कोंडल्या जागेची भीती वाटणारा एखादा तरी असतोच. ते आधी एकेकट्याला विचारून घ्या, सगळ्यांसमोर नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे, मोठी बॅग नाही.

जिन्यात चित्र काढता येत नाही, मागून माणसं येत असतात. म्हणून चढण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न द्या: विटा खाली का घसरल्या नाहीत? जिना दोन कवचांच्या मधून जातो. आतलं कवच जाड, सुमारे दोन मीटर. बाहेरचं त्याहून बरंच पातळ. वर जाताना भिंत डोक्यावर झुकत येते तेव्हा बोटाने वीटकाम पाहायला सांगा. आडव्या थरांच्या मध्ये ठरावीक अंतराने विटा उभ्या लावलेल्या दिसतात, आणि त्या उभ्या विटांची तिरकी रेघ थरागणिक सरकत वर जाते. माशाच्या काट्यासारखी ही जुडणी. कारण साधं आहे. घुमट वर जाईल तसा थर आत कलतो आणि चुना ओला असताना विटा घसरायला लागतात. उभ्या विटा त्या थराचे छोटे तुकडे पाडतात आणि मधल्या विटा पुस्तकाच्या कप्प्यात अडकवल्यासारख्या धरून ठेवतात. कडं पूर्ण झालं की ते स्वतःच स्वतःला पेलतं. आठ कोपऱ्यांच्या आणि सोळा मधल्या अशा चोवीस बरगड्या, दगडी साखळ्या आणि एक लाकडी साखळी, ही बाकीची यादी वर्गात सांगता येते. विटेची तिरकी रेघ मात्र तिथेच पाहावी लागते. खाली उतरल्यावर चौकात बसवून, फोन बाजूला ठेवून, दहा मिनिटांत आठवणीतून छेद काढायला लावा. फोटोत न येणारी गोष्ट या दहा मिनिटांत कागदावर येते.

सोमवारचं मापकाम पियात्सा सान्तिस्सिमा आन्नुन्त्सियातामध्ये, अनाथ मुलांसाठी बांधलेल्या ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्तीच्या ओसरीत. १४१९ पासूनचं ब्रुनेलेस्कीचं काम, नऊ कमानी, आणि ओसरी चौकाकडे उघडी असल्याने तिकीट नाही, सोमवारची अडचण नाही, पाऊसही अडवत नाही. फ्लॉरेन्सचं जुनं माप ब्राच्चो, म्हणजे शब्दशः हात. आपल्या ‘हात’ या मापाचाच भाऊ, फक्त लांब: सुमारे ५८.४ सेंटिमीटर. निघण्यापूर्वी सात-सात जणांच्या चार गटांनी एकेक न ताणणारी दोरी तयार करायची, ५.८४ मीटर लांब, दर ५८.४ सेंटिमीटरला एक खूण, म्हणजे दहा ब्राच्चा. पुस्तकांत म्हटलेलं असतं की खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि खांबापासून भिंतीपर्यंतची खोली सारखी, दहा ब्राच्चा, म्हणजे प्रत्येक गाळा एक घन. हे खरं की खोटं ते दोरीने तपासायचं.

इथे चुका ठरलेल्या. मुलं दोन खांबांच्या पृष्ठभागांमधलं अंतर मोजतात आणि आकडा कमी येतो म्हणून गोंधळतात. माप मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत घ्यायचं. खांब वर निमुळता असतो, म्हणून मध्य काढायला बैठकीचा चौकोन धरायचा, खांबाचं अंग नाही. उंची मोजायला खांबावर चढायचं नाही. दीड मीटरची खुणा केलेली पट्टी ओळंब्यात धरून दुरून फोटो काढायचा आणि त्यावरून मोजायचं. फोटो काढणारा समोरासमोर आणि किमान दहा-बारा मीटर लांब उभा हवा, नाहीतर वरचे भाग लहान येतात. चारही गटांचे आकडे एकमेकांशी आणि दहा ब्राच्चांशी काही सेंटिमीटरने जुळत नाहीत. जुळवायला लावू नका. फरकाचा तक्ता त्याच संध्याकाळी भिंतीवर लावा आणि कुणाचं का चुकलं, दगडाचं किती आणि दोरीचं किती, यावर तासभर बोला. इमारतीच्या आत मोजायचं असेल तर परवानगी लागेल; बाहेरच्या ओसरीत वाट न अडवता टेप आणि दोरी वापरा, तिपाई नको.

बुधवारी सान लोरेन्झो. आधी बाहेरून पाहा: दर्शनी भाग कधीच पुरा झाला नाही. मायकेलअँजेलोचा आराखडा कागदावरच राहिला आणि संगमरवराची वाट पाहणारी खडबडीत भिंत तशीच उभी आहे. अस्तर कशावर चढतं ते शिकवायला याहून चांगला नमुना नाही. आत ब्रुनेलेस्कीची करडी पिएत्रा सेरेना आणि पांढरा गिलावा: करड्या दगडाची रेघ म्हणजे सांगाड्याची भाषा, पांढरा भाग म्हणजे भराव. मग लॉरेन्शियन ग्रंथालयाच्या दालनात जा, तिथे मायकेलअँजेलोने हीच भाषा उलटी केली. खांब भिंतीच्या पुढे नाहीत, भिंतीत खोचलेले आहेत, आणि त्यांच्याखाली टेकू दिसतात. जिना खाली वाहत आल्यासारखा पसरतो. तो १५५९ साली अम्मानातीने त्याच्या नमुन्यावरून बांधून घेतला. एका दिवसात या दोन खोल्या, दोन चित्रं, तेवढंच. ग्रंथालयाचे वार आणि तास मर्यादित असतात, तेव्हा महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी ईमेलने खात्री करा.

मेदिची राजवाड्याला बाहेरून दगडी बाक आहे, रस्त्यावरच्या माणसासाठी बांधलेलाच. त्यावर बसून दगडाचे तीन मजले तीन पद्धतींनी काढायला लावा, खाली ओबडधोबड, वर जाताना सपाट. सिएनाला रेल्वेऐवजी थेट बस घ्या. रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, बस गावाच्या जवळ सोडते. तिथे काम्पो या चौकाचा उतार हे एकच काम: विटांचे नऊ भाग एका बिंदूकडे कसे उतरतात याचा छेद. शनिवारी सान्तो स्पिरितो चर्च, आणि मग चढण चढून १०१८ साली सुरू झालेलं सान मिनिआतो चर्च. तिथून बुधवारपर्यंत पाहिलेलं सगळं एका नजरेत येतं, आणि मुलांना शहराचा आराखडा स्वतः काढता येतो.

संग्रहालयांच्या दारावर आर्किटेक्चरच्या मुलांचं हमखास काय अडतं, तर पाऊच. कटर, डिव्हायडर, टोकदार कंपास, स्टीलची पट्टी. सुरक्षा तपासणीत ते निघालं की आत जाता येत नाही, आणि अकादेमियात सामान ठेवायची सोय नाही. त्या दिवशी फक्त पेन्सिल, खोडरबर, छोटी वही. शाई आणि जलरंग आत चालत नाहीत, फ्लॅश आणि तिपाई नाही. पाण्याची मोठी बाटलीही अडते. ड्रोन तर घरीच ठेवा.

जेवणाचं. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो, तो शिळा नाही किंवा चुकलेला नाही हे मुलांना आधी सांगा. शाकाहारींसाठी टोमॅटो आणि पावाची पाप्पा अल पोमोदोरो, पांढऱ्या घेवड्याची आणि पालेभाजीची रिबोल्लिता, मार्गारिता पिझ्झा, भाजलेल्या भाज्यांचा स्कियाच्चाता (चपटा पाव) हे सहज मिळतं. पण रिबोल्लितात कधी डुकराचं मांस पडतं आणि सूपाचं पाणी मांसाचं असू शकतं. ‘भाजी आहे का’ असं विचारू नका, ‘मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणीही नको’ असं इटालियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी दाखवा. पार्मिजानो चीजमध्ये प्राण्याच्या पोटातून काढलेलं रेनेट (दूध फाडायचं द्रव्य) असतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी बिनचीजचा मारिनारा पिझ्झा घ्यावा. जैन विद्यार्थी असतील तर स्वयंपाकघर असलेला मुक्काम शोधा, त्याला पर्याय नाही. स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळी साडेसातलाच उघडतात. ३१ जण आयत्या वेळी कुठेही बसत नाहीत; दोन-तीन दिवसांची रात्रीची जेवणं आधी ठरवा, बाकी वेळ मेर्कातो चेन्त्राले या १८७४ सालच्या लोखंडी मंडईत आपापलं. वीया दे’ नेरी या रस्त्याच्या पदपथावर आणि पायऱ्यांवर जेवणाच्या तासांत बसून खायला २०१८ साली बंदी घातली होती, दंड ५०० युरोपर्यंत होता. टेबलावर बसलं की बिलात माणशी ‘कोपेर्तो’ (टेबलाचा आकार) लागतो, ती फसवणूक नाही.

पाकीटमार स्टेशनवर, ट्रामच्या दारात आणि घुमटाच्या रांगेत असतात. पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत, खिशात त्याची छायाप्रत, दोन कार्ड दोन ठिकाणी. ट्राम-बसचं कागदी तिकीट चढताच यंत्रात टोचायचं; विसरलं तर तिकीट असूनही दंड होतो. आपत्कालीन क्रमांक ११२. सात-सातचे चार गट शेवटपर्यंत तेच ठेवा आणि मोजणी गटप्रमुखाने करावी, कारण ३१ डोकी मोजताना शिक्षकाचा आकडा दर वेळी चुकतो, सात मोजताना गटप्रमुखाचा चुकत नाही. रात्रीच्या मोजणीतच प्रत्येकाच्या दिवसभराच्या पानांचे फोटो काढून एका सामायिक फोल्डरमध्ये टाका. परतताना वह्या आणि नकाशांच्या नळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. मापाची दोरी चेक-इन सामानात गेली तरी चालेल.